डुनेरा बोट

इंग्लंडच्या ईशान्य भागात टाइन नावाची नदी आहे. एके काळी तिच्या दोन्ही तीरांवर बोटी बांधण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या गोद्या होत्या. त्यांपैकी हेबर्न येथील गोदीत १९६० च्या नोव्हेंबर महिन्यात एक बोट येऊन उभी राहिली. तिचे वय २३ वर्षांचे होते. माणसाच्या आयुष्यात ही ऐन तारुण्याची वर्षे. परंतु समुद्रावर राबणाऱ्या बोटीच्या बाबतीत हे उतारवयच म्हणावे लागते. या वयाच्या पुष्कळशा बोटी मोडीत निघण्याची वाट पाहत असतात. त्यांचे लोखंड वितळवले जाते, लाकूड लिलावात जाते आणि त्यांची नावे जुन्या वह्यांतून तेवढी उरतात.

या बोटीवर मात्र नवेच काम सुरू झाले होते. सुतार आणि लोहार तिच्या पोटात वर्गखोल्या उभारीत होते. एका बाजूस ग्रंथालयाची जागा तयार होत होती, दुसरीकडे सभागृह, खेळाच्या खोल्या, पोहण्याचा तलाव. आयुष्यभर सैनिकांची ने-आण करीत आलेली ही बोट आता शाळा होणार होती आणि मुलांना घेऊन देशोदेशींचा प्रवास करणार होती. तिचे नाव डुनेरा.

डुनेराचा जन्म स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचा. क्लाइड नदीच्या काठी बार्कले कर्ल या कंपनीच्या गोदीत ती बांधली गेली आणि १९३७ साली पाण्यात उतरली. तिची लांबी सुमारे ५१७ फूट होती आणि आकारमान ११ हजार टनांहून अधिक. तिला चालविण्यासाठी डिझेलवर चालणारी दोन यंत्रे बसवलेली होती. तिची मालक होती ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. या कंपनीचा आरंभ १८५६ मध्ये कलकत्ता आणि ब्रह्मदेश यांच्या दरम्यान टपाल नेण्याच्या कामाने झाला होता. पुढे तिचा पसारा एवढा वाढला, की मुंबईहून इराणच्या आखाताकडे किंवा पूर्व आफ्रिकेकडे निघालेला प्रवासी बहुधा याच कंपनीच्या बोटीत पाय ठेवी. काळ्या धुराड्यावर दोन पांढरे पट्टे ही त्या बोटींची खूण होती. त्यांची नावेही बहुतेक 'आ'कारान्त असत आणि पुष्कळदा ती हिंदुस्थानातील गावांवरून ठेवलेली असत. पंजाबात पठाणकोटहून डलहौसीला जाणाऱ्या डोंगरवाटेवर डुनेरा नावाचे एक लहानसे गाव आहे. तिच्याच घडणीची, तिच्याहून एका वर्षाने थोरली बोट होती दिलवारा.

या दोघी बोटी मुद्दाम सैन्य वाहून नेण्यासाठीच बांधलेल्या होत्या. त्यापूर्वी पुष्कळदा एखादी साधी प्रवासी बोट घेऊन तीत सैनिक भरले जात; त्यात जागेची आणि हवेची फार अडचण होई. डुनेरावर सुमारे साडेअकराशे सैनिकांची सोय होती. अधिकाऱ्यांसाठी वरच्या मजल्यांवर खोल्या होत्या. सैनिकांसाठी खालच्या मजल्यांवर लांबच लांब दालने होती. त्यांत दिवसा मेजे मांडून जेवण होई आणि रात्री त्याच मेजांच्या वर कापडी झोळ्या टांगून सैनिक झोपत. बोट डोले तशा त्या शेकडो झोळ्या एका लयीत हलत असत. एवढ्या माणसांना तीन वेळा जेवू घालायचे म्हणून स्वयंपाकघरे प्रचंड होती. दवाखाना होता. शांततेच्या काळात अशा सैन्यवाहू बोटींचा रंग पांढरा असे, अंगावर निळा पट्टा असे आणि धुराडे पिवळे असे. दुरून पाहणाऱ्याला ती एखादी सहलीची बोटच वाटावी!

त्या काळी ब्रिटिशांचे साम्राज्य पृथ्वीच्या चारही कोपऱ्यांत पसरलेले होते, आणि ते सांभाळण्यासाठी इंग्लंडहून गोऱ्या पलटणी सतत पाठवाव्या लागत. सैन्यवाहू बोटी साउदॅम्प्टन बंदरातून निघत आणि जिब्राल्टर, माल्टा, सुएझचा कालवा, एडन अशा वाटेने सुमारे तीन आठवड्यांनी मुंबईला येत. उन्हाळ्यातील लाल समुद्राचा ताप सैनिकांना सोसत नसे, म्हणून हा प्रवास हिवाळ्याच्या बाजूला होई. मुदत संपलेले सैनिक नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत येऊन बोटीची वाट पाहत राहत. बोटींचा हंगाम संपल्यावर तेथे पोचलेल्यांना पुढच्या हंगामापर्यंत महिनेच्या महिने काढावे लागत. उन्हाळा, रिकामपण आणि घरची ओढ यांनी काहींची डोकी फिरत. त्यामुळे इंग्रजी भाषेला 'डूलाली' हा शब्द मिळाला. त्याचा अर्थ वेडा झालेला. इंग्लंडात हा शब्द वापरणाऱ्या कित्येकांना देवळाली नावाचे गाव महाराष्ट्रात आहे, याची कल्पनाही नसते.

डुनेराला शांततेचे दिवस फार लाभले नाहीत. १९३९ च्या सप्टेंबर महिन्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्यानंतरच्या वर्षीच तिच्या पोटात जे घडले, त्यामुळे तिचे नाव इतिहासात राहिले आहे.

जर्मनीत आणि ऑस्ट्रियात हिटलरच्या राजवटीने ज्यू लोकांचा छळ मांडला होता. त्यांची घरेदारे, नोकऱ्या, दुकाने हिसकावून घेतली जात होती. जीव वाचवण्यासाठी हजारो लोक इंग्लंडच्या आश्रयाला आले होते. त्यांत प्राध्यापक होते, वैद्य होते, चित्रकार आणि कारागीर होते. शाळेच्या वयाची मुलेही होती. १९४० च्या जून महिन्यात फ्रान्स पडला आणि शत्रू इंग्लंडच्या दाराशी आला. देशभर भीती पसरली. भयभीत माणूस नीट पाहू शकत नाही. जर्मन भाषा बोलतो तो शत्रू, अशी लोकांची समजूत झाली. हिटलरच्या छळातून पळून आलेल्यांनाच हिटलरचे हेर समजून स्थानबद्ध करण्यात आले, आणि त्यांतील पुष्कळांना समुद्रापार धाडण्याचे ठरले.

१० जुलै १९४० रोजी डुनेराने लिव्हरपूल बंदर सोडले. आपण कोठे चाललो आहोत, हे तिच्यावरील स्थानबद्धांना ठाऊक नव्हते. कित्येकांना आपण कॅनडाला जात आहोत असे वाटत होते. बोटीत खलाशांसह सुमारे सोळाशे माणसांची सोय होती. तीत अडीच हजारांहून अधिक स्थानबद्धांना कोंबण्यात आले, आणि त्यांच्यावर पहारा करणारे तीनशे सैनिक वेगळेच. स्थानबद्धांपैकी बहुसंख्य ज्यू निर्वासित होते. त्यांच्याबरोबर काही शेकडा जर्मन आणि इटालियन कैदीही होते. आठवडाभरापूर्वी, २ जुलै रोजी, 'अरँडोरा स्टार' नावाची बोट अशाच लोकांना कॅनडाला नेत असता जर्मन पाणबुडीने बुडवली होती. तीतून वाचलेल्या अभागी लोकांना पुन्हा बोटीवर चढवण्यात आले होते. छळणारे आणि छळले गेलेले, दोघेही एकाच बोटीत होते.

बोट निघाल्यानंतर तिसऱ्या दिवशी एका जर्मन पाणबुडीने डुनेरावर टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावणारे स्फोटक अस्त्र, सोडले. बोटीच्या पोटात बंद असलेल्या लोकांना लोखंडावर काही आदळल्याचा आवाज ऐकू आला. दालनांची दारे बंद होती. बोट बुडाली असती तर क्वचितच कोणी बाहेर पडू शकले असते. परंतु स्फोट झाला नाही. डुनेरा वाचली.

सारा प्रवास सुमारे ५७ दिवसांचा होता. त्या दालनांतील झोळ्या पुरेशा नव्हत्या. लोक मेजांवर झोपत, बाकांवर झोपत, जमिनीवर झोपत. वाटोळ्या खिडक्या बंद असत. दिवसातून अगदी थोडाच वेळ त्यांना मोकळ्या हवेत आणले जाई. शौचालये थोडी, पाणी थोडे आणि अन्न त्याहून थोडे. पहाऱ्यावरील अनेक सैनिक उद्दाम होते. त्यांनी स्थानबद्धांचे सामान लुटले आणि कितीतरी पेट्या समुद्रात भिरकावून दिल्या. त्यांत औषधे होती, पदव्यांची कागदपत्रे होती. घर सोडताना जिवापाड जपून आणलेल्या चारदोन वस्तूही होत्या. ज्याने सर्वस्व गमावलेले असते, त्याची ती एक पेटी म्हणजेच त्याचे घर असते.

फ्रीटाउन, ताकोराडी, केपटाउन अशी आफ्रिकेची बंदरे मागे टाकून बोट ऑस्ट्रेलियाला पोचली आणि ६ सप्टेंबर १९४० रोजी सिडनीच्या धक्क्याला लागली. तेथे ॲलन फ्रॉस्ट नावाचे ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील वैद्यकीय अधिकारी बोटीवर चढले. त्यांचे काम फक्त प्रकृतीची तपासणी करण्याचे होते. कागदावर सही करून ते परत जाऊ शकले असते. परंतु बोटीवरील दृश्य पाहून ते व्यथित झाले आणि जे पाहिले ते त्यांनी स्पष्ट शब्दांत वरिष्ठांना लिहून कळवले. त्या अहवालामुळे प्रकरण दडपले गेले नाही. पुढे बोटीवरील पहाऱ्याच्या प्रमुख अधिकाऱ्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. युद्ध सुरू असताना आपल्याच सैनिकांचा अन्याय उघड करणे सोपे नसते. तरी एका डॉक्टरने आपले कर्तव्य केले.

सिडनीहून आगगाडीने सुमारे ७५० किलोमीटरांवर हे नावाचे गाव आहे. आजूबाजूला सपाट, रखरखीत माळ. तेथील तारेच्या कुंपणाआड या लोकांना ठेवण्यात आले. त्यांनी रडत बसण्यापेक्षा एक निराळाच उद्योग आरंभला. ज्याला जे येत होते ते त्याने दुसऱ्याला शिकवावे, असे ठरले, आणि बघता बघता छावणीत एक विद्यापीठ उभे राहिले. त्याला ना इमारत होती, ना सरकारची मान्यता. गणितज्ञ फेलिक्स बेरेंड तरुणांना गणित शिकवीत. कोणी भाषा शिकवी, कोणी विज्ञान, कोणी संगीत. छावणीत चालण्यासाठी त्यांनी स्वतःच्या नोटाही छापल्या आणि त्या नोटांवर काटेरी तारांची नक्षी काढली. आपल्या दुःखाकडे पाहून हसण्याचे बळ त्यांच्यात उरले होते.

चूक झाली आहे, हे ब्रिटिश सरकारने पुढे ओळखले आणि हे लोक हळूहळू मुक्त झाले. काही इंग्लंडला परतले. सुमारे नऊशे जण ऑस्ट्रेलियातच राहिले आणि त्या देशाचे नागरिक झाले. ज्या देशाने त्यांना कैदी म्हणून स्वीकारले होते, त्याला त्यांनी विद्वान, कलावंत आणि शिक्षक दिले. लुडविग हिर्शफेल्ड-मॅक हे जर्मनीतील नामांकित कलावंत पुढे ऑस्ट्रेलियातील एका शाळेत चित्रकला शिकवीत. फ्रान्झ स्टाम्फल हे धावण्याचे शिक्षक होते. १९५४ साली रॉजर बॅनिस्टर यांनी एक मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत धावून जगाला चकित केले, तेव्हा त्यांना मार्गदर्शन करणारे हेच स्टाम्फल होते. डुनेराच्या अंधाऱ्या दालनात १९४० साली जी माणसे ओझ्यासारखी भरली गेली होती, त्यांची योग्यता अशी होती.

डुनेरा मात्र आपल्या कामाला परत लागली. बोटीला स्मरण नसते आणि विश्रांतीही नसते. १९४२ मध्ये ती मादागास्करच्या मोहिमेत होती, १९४३ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या आरमारात होती, आणि १९४४ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या स्वारीतही होती. १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करल्यावर तिने दोस्तांचे सैन्य जपानला नेले. तिच्यासारख्या कितीतरी बोटी त्या सहा वर्षांत समुद्राच्या तळाशी गेल्या. डुनेरा तरली.

युद्धानंतर जग पालटले. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला, आणि गोऱ्या पलटणींना मुंबईच्या बंदराची गरज उरली नाही. १९५०-५१ मध्ये डुनेराची मोठी दुरुस्ती झाली. सैनिकांची दाटी कमी केली गेली. पुढची नऊ-दहा वर्षे ती ब्रिटिश सैनिकांना आणि त्यांच्या बायकामुलांना दूरदूरच्या ठाण्यांवर पोचवीत राहिली. परंतु ती ठाणीही एकामागून एक बंद होत होती. दुसरीकडे आकाशातून नवा प्रतिस्पर्धी आला होता. जेथे बोटीला तीन आठवडे लागत, तेथे विमान दोन-तीन दिवसांत पोचे. सैनिकांनी आठवडेच्या आठवडे समुद्रावर काढावेत, हे सरकारला परवडेनासे झाले. १९६० मध्ये डुनेराशी असलेला करार सरकारने संपवला, आणि पुढे १९६२ मध्ये ब्रिटनच्या शेवटच्या सैन्यवाहू बोटींचेही काम थांबले.

आता या बोटींचे काय करायचे? दिलवारा त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीला विकली गेली. तिला क्वालालंपूर असे नवे नाव मिळाले. हजच्या यात्रेला निघालेल्या मलायातील भाविकांना घेऊन ती जेद्दाच्या वाटेने जाऊ लागली. डुनेराच्या बाबतीत कंपनीला आपली एक जुनी गोष्ट आठवली. १९३० नंतरच्या काही वर्षांत, उन्हाळ्यात सैन्याची वाहतूक बंद असे तेव्हा, कंपनीने आपल्या जुन्या सैन्यवाहू बोटींतून शाळांतील मुलांना समुद्रप्रवास घडवले होते. तो उपक्रम युद्धामुळे बंद पडला होता. तो पुन्हा, आणि वर्षभर चालेल अशा रीतीने, का सुरू करू नये?

विचार केला तर सैन्यवाहू बोट आणि शाळेची बोट यांत बरेच साम्य आहे. श्रीमंत प्रवाशांच्या बोटीत प्रत्येकाला स्वतंत्र खोली लागते. त्यामुळे माणसे थोडी मावतात आणि भाडे वाढते. सैन्यवाहू बोटीत मोठमोठी दालने असतात, एका पंक्तीला शेकडो लोक बसतील अशी भोजनगृहे असतात, हजारांचा स्वयंपाक होईल अशा चुली असतात आणि मोकळे, रुंद डेक असतात. शेकडो विद्यार्थ्यांना थोड्या खर्चात न्यायचे तर हेच सारे हवे. कवाईत करण्याच्या डेकवर खेळ होऊ शकतात. सैनिकांच्या दालनाचे शयनगृह होऊ शकते.

हेबर्नच्या गोदीत सहा महिने चाललेले काम ते हेच होते. १९६१ च्या एप्रिलमध्ये डुनेरा गोदीतून बाहेर पडली, तेव्हा तिच्यात ८३४ विद्यार्थ्यांची सोय झाली होती. त्यांच्याखेरीज खोल्यांतून प्रवास करणारे १८७ प्रवासी मावत. तिच्या धुराड्याचा लष्करी पिवळा रंग गेला आणि कंपनीचे दोन पांढरे पट्टे काळ्या रंगावर पुन्हा उमटले.

मग सुरू झाल्या त्या सुमारे दोन-दोन आठवड्यांच्या सफरी. कधी उत्तरेकडे, नॉर्वेच्या डोंगरांमध्ये शिरलेल्या खाड्यांकडे; तर कधी दक्षिणेकडे, भूमध्य समुद्रातील जुन्या नगरांकडे. निरनिराळ्या शाळांची मुले आपापल्या शिक्षकांसह येत. त्यांतील कित्येकांनी त्यापूर्वी समुद्र ओलांडलेला नसे. सकाळी वर्ग भरत. उद्या जे बंदर येणार, त्याचा इतिहास आणि भूगोल आज सभागृहात सांगितला जाई. नकाशावर बोट ठेवून पाहिलेले गाव दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच समोर उभे राही. अक्षांश आणि रेखांश हे पुस्तकातील रुक्ष शब्द. परंतु आपण या क्षणी नेमके कोठे आहोत, हे त्यांच्यावाचून सांगता येत नाही, हे समुद्राच्या मध्यावर आपोआप उमजे. अर्थात सारेच दिवस सुखाचे नसत. वादळ आले की वर्ग ओस पडत, आणि भूगोलात पहिला येणारा मुलगाही पोट धरून खाटेवर पडून राही!

या सफरींत मुलांना आणखी एक धडा मिळे. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर भारतीय खलाशी काम करीत. कोकणच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यांवरील माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईला येऊन परदेशी बोटींवर चढत आली होती. जेवणघरात वाढणारे आणि खोल्यांची व्यवस्था पाहणारे पुष्कळजण गोव्याचे असत. खलाशांच्या प्रमुखाला सारंग आणि त्याच्या हाताखालच्या नायकाला तांडेल म्हणत. हे शब्द आपल्या किनाऱ्यावरून इंग्रजांच्या बोटींवर गेले आणि तेथे रूढ झाले. स्कॉटलंडमध्ये बांधलेली बोट, पंजाबातील गावाचे नाव, गोव्याच्या माणसाने वाढलेले ताट आणि समोर ग्रीसचा किनारा! जग किती मोठे आहे आणि तरी किती एकमेकांत गुंतलेले आहे, हे सांगण्यासाठी वेगळा तास घेण्याची गरज नव्हती.

रात्री दिवे मालवले जात. डेकच्या खालच्या मोठ्या दालनांत मुले आपापल्या खाटांवर झोपत. बाहेर पाणी बोटीच्या अंगावर आपटे आणि खालून यंत्रांची मंद थरथर जाणवे. एकवीस वर्षांपूर्वी याच लोखंडी भिंतींच्या आत, हाच आवाज ऐकत, सोळा-सतरा वर्षांची मुले जमिनीवर पडून होती. त्यांनाही शिकायचे होते, जग पाहायचे होते. त्यांनी पृथ्वीच्या अर्ध्या परिघाएवढा प्रवास केला. परंतु वाटेत जग त्यांना दिसले नाही, कारण त्यांच्यासाठी खिडक्या बंद होत्या. १९६१ च्या मुलांसाठी त्याच खिडक्या उघड्या होत्या.

भिंती बदलल्या नव्हत्या. मग फरक कशाने पडला? बोट कोणत्या दिशेने जाईल हे सुकाणू ठरवते. परंतु तिच्या पोटात काय भरायचे, भीती की विश्वास, हे माणसे ठरवतात. डुनेराला लिव्हरपूलहून कैदखाना म्हणून हाकारणारी माणसे होती, तशीच तिच्यात ग्रंथालय बांधणारीही माणसे होती. सिडनीच्या धक्क्यावर खरे काय ते लिहून ठेवणारा डॉक्टर होता. माळावर काटेरी तारांच्या आत शाळा भरवणारे कैदी होते. डुनेराशी संबंध असलेली पहिली शाळा टाइनच्या काठी जन्मली नाही. ती त्या कैद्यांनी वीस वर्षे आधीच उघडली होती.

शाळेची बोट म्हणून डुनेराने सहा वर्षे काम केले. तिचे यश पाहून कंपनीने १९६२ मध्ये डेव्होनिया आणि १९६५ मध्ये नेवासा या दोन जुन्या सैन्यवाहू बोटीही शाळेच्या कामाला लावल्या. १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये स्पेनमधील बिल्बाओ येथे डुनेरा मोडीत काढण्यात आली. तेव्हा तिचे वय तीस वर्षांचे होते.

तिची जागा पुढच्याच वर्षी युगांडा या बोटीने घेतली. ही बोट मुळात प्रवाशांसाठी बांधलेली. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांचे युद्ध पेटले, तेव्हा ती शाळेच्या मुलांना घेऊन भूमध्य समुद्रात फिरत होती. मुलांना नेपल्सला उतरवून देण्यात आले. जिब्राल्टरला थोड्याच दिवसांत तिचे रुग्णालय झाले. दक्षिण समुद्रातील थंडीत तिच्यावर सातशेहून अधिक जखमींवर उपचार झाले. त्यांत अर्जेंटिनाचेही सैनिक होते. जखमीला खाटेवर घेताना, तो कोणत्या बाजूचा, हा प्रश्न तेथे शेवटी विचारला जाई. बोटींच्या नशिबी असे फेरे असतात. युद्ध त्यांना शाळेतून ओढून नेते. परंतु युद्धाच्या कामातही दयेला जागा ठेवता येते, हे युगांडाने दाखवले.

आज डुनेराचे लोखंड कोठे आहे, हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु ऑस्ट्रेलियातील हे गावाच्या जुन्या रेल्वे स्थानकावर तिच्या नावाचे एक लहानसे संग्रहालय आहे. आगगाडीच्या दोन डब्यांत ते मांडलेले आहे. ज्या स्थानकावर १९४० साली कैद्यांना उतरवले होते, तेथेच आता लोक त्यांची कहाणी वाचण्यासाठी येतात. आणि जी मुले डुनेरावरून जग पाहून आली, ती आता आजोबा आणि आजी झाली आहेत. नातवंडांनी नकाशा उघडला, की अजूनही त्यांच्यातील कोणीतरी निळ्या रंगावर बोट टेकवून म्हणत असेल, "येथून आमची शाळा गेली होती."